मी बाहेर

आमच्या कारखान्यात बसमधल्या सीटच्या लोखंडी चौकटी तयार होतात. लोक त्यांच्यावर बसून पेंगतात, खिडकीवरून हमरीतुमरीवर येतात. बुडाखालची चौकट कुणी जोडली याचा विचार कुणी करत नाही. करायची गरजही नाही, कारण ती आता माणूस जोडतच नाही. शेडमध्ये वेल्डिंगचे चार सेल आहेत. सेल म्हणजे पिवळ्या जाळीचा खोलीएवढा पिंजरा. मधोमध फिरतं टेबल, त्यावर चौकट पकडून ठेवायचं फिक्स्चर, आणि दोन्ही बाजूंना एकेक रोबो. उजेडानं डोळे जाऊ नयेत म्हणून जाळीला आतून काळपट लाल रंगाचे जाड पडदे लावलेले असतात. त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. एका कोपऱ्यात फाटक, फाटकापासून चार पावलांवर पॅनेल, पॅनेलवर एक हिरवं बटण आणि एक लाल.

मी मेंटेनन्सचा इनचार्ज. यंत्र चालू असलं की मी कुणाच्या खिजगणतीत नसतो, बंद पडलं की सगळ्यांना मीच दिसतो. आणि वेल्डिंगचं यंत्र बंद पडतंच. वितळलेल्या लोखंडाचे मोहरीएवढे थेंब उडतात आणि नोझलमध्ये चिकटून बसतात, तांब्याची टिप झिजते, तिच्यातून येणारी जोडाची वायर अडकते. मग कुणीतरी आत जायचं, नोझल साफ करायचं, टिप बदलायची, बाहेर यायचं, बटण दाबायचं. रोबो रोबो म्हणून दुनियाभर नाव होतं, पण त्याचं नाक शेंबडं झालं की पुसायला माणूसच लागतो.

माझ्या हाताखाली दोघं होते. एक अण्णा. निवृत्तीला आलेले फिटर, बोलणं कमी, तंबाखू जास्त. दुसरा माझा मेव्हणा.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो लहान असताना त्यांची आई गेली आणि बायकोनं त्याला वाढवला. आमचं लग्न झालं तेव्हा नवरीबरोबर तोही घरात आला, असं म्हटलं तरी चालेल. स्वभाव म्हणजे अखंड टवाळी. टोपी कायम उलटी. मी आंघोळीला शिरलो की बाहेरून कडी लावायचा आणि दाराशी उभा राहून कारखान्याच्या भोंग्याचा आवाज काढायचा. "दाजी, शिफ्ट सुरू झाली, तुमची गैरहजेरी लागली!" आमच्या न्हाणीघराला एकच दार आणि वर वीतभर झरोका, त्यामुळे त्याची दया येईपर्यंत आत बसण्यावाचून इलाज नसे. मी चिडायचो. बायको हसायची. घर भरलेलं असायचं.

त्याला मी कामाला लावला त्या दिवशी ती हसली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "जसा नेताय तसा रोज परत आणायचा. दुसरं काही मागत नाही."

"कारखाना आहे, लढाई नाही," मी म्हणालो.

"मी काय म्हणाले ते कळलं ना?"

कळलं होतं.

मग नवे साहेब आले. त्यांचं नाव आम्ही टक्केसाहेब ठेवलं, कारण ते माणसाशीही टक्क्यांत बोलत. डाउनटाइम, म्हणजे यंत्र बंद पडून राहण्याचा वेळ, हा त्यांचा एकमेव शत्रू. त्यांनी शेडच्या भिंतीवर दिव्यांचा एक मोठा फलक लावला. सेल चालू असला की हिरवा, बंद पडला की लाल, आणि लाल असेपर्यंत आकडा वाढत जायचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "डाउनटाइम निम्म्यावर आणा. नाहीतर मेंटेनन्स बाहेरच्या कंपनीला देऊ."

मी माझं काम नेकीनं केलं. वेळ नेमका कुठे जातो ते आठवडाभर पाहिलं. खरी दुरुस्ती थोडक्यात व्हायची. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्याचा होता, आणि सगळ्यात जास्त वाट किल्लीची बघावी लागत होती. आमच्याकडे नियम असा, की सेलमध्ये जाणाऱ्यानं फाटकाच्या पेटीतली एक किल्ली काढून स्वतःजवळ ठेवायची. सगळ्या किल्ल्या परत पेटीत बसल्याशिवाय हिरवं बटण काही केल्या लागत नाही. चांगला नियम. फक्त माझा मेव्हणा काम उरकून बाहेर यायचा आणि किल्ली खिशात घेऊन चहाला जायचा. फलक लाल, रोबो थंड, सगळे त्याच्या नावानं ओरडतायत, आणि हा कॅन्टीनमध्ये कुणाची तरी नक्कल करून दाखवतोय.

टक्केसाहेबांनी माझा तक्ता पाहिला. "ही किल्ली कुणाच्या खिशात असते?"

मी तक्त्याची घडी घालू लागलो.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "एक माणूस कमी केला तर हा आकडा तसाच खाली येईल."

आता माझं डोकं चालायला लागलं. आपल्या माणसावर आलं की चालतंच. म्हणालो, "साहेब, दोष माणसाचा नाही, किल्लीचा आहे. आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे."

ती पद्धत कारखान्याइतकीच जुनी होती. पूर्वी इथे टाक्या बनत. वेल्डर टाकीच्या पोटात उतरून काम करायचे आणि झाकण बसवण्याआधी वरचा माणूस हाळी द्यायचा, "आत कोण?" त्यावर 'कोणी नाही' म्हणायची बंदी होती. दुसऱ्याची हमी कुणी घ्यायची नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं म्हणायचं, "मी बाहेर." जेवढे उतरले तेवढी उत्तरं आली की झाकण लागायचं. टाक्या गेल्या, रोबो आले, किल्ल्या आल्या, तरी बटण दाबण्याआधी हाळी द्यायची खोड आमच्या अंगात राहिली होती. कुलपावर गाठ मारतात तशी.

"किल्ल्या काढून टाकू," मी म्हणालो. "हाळी पुरे आहे."

साहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी त्याच दिवशी पेट्या काढायला लावल्या. अण्णा मोकळ्या भिंतीकडे बघत राहिले आणि तंबाखू मळत म्हणाले, "कुलूप काढलंस आणि गाठीवर विसंबलास." मी म्हणालो, पोराची नोकरी वाचली ना. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

पहिले काही दिवस सगळं झकास चाललं. आकडा घसरू लागला.

मग एका सकाळी तीन नंबरच्या सेलची टिप गेली. अण्णा आणि मेव्हणा आत गेले, काम झाल्यावर फाटक वाजलं, मी पॅनेलवरून हाळी दिली, "आत कोण?"

"मी बाहेर," अण्णांचा आवाज.

"मी बाहेर," मेव्हण्याचा.

"मी बाहेर."

तिसरा आवाज जरा घोगरा होता, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा. मी मेव्हण्याकडे पाहिलं. "दोनदा काय बोंबलतोस?"

"दाजी, आईशप्पथ, मी एकदाच बोललो."

त्याच्या शपथांचा भाव मला माहीत होता. मी हिरवं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला माझ्यासमोर उभं केलं, त्याच्या ओठांकडे बघत हाळी दिली. अण्णा बोलले, तो बोलला, त्याचे ओठ मिटले, आणि त्यानंतर तिसरं उत्तर आलं. पडद्याच्या आतून.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. साहेबांवरही नाही, पण ते वेगळं. मी म्हटलं, आवाज पत्र्याच्या छपराला आपटून परत येत असणार. जेवणाच्या सुट्टीत सेल बंद करून मी आत उभा राहिलो आणि ओरडून पाहिलं. जाड पडदे आवाज गिळून टाकत होते. काहीही परत आलं नाही. जळक्या लोखंडाचा वास, पायाखाली करकरणारे थेंब, थंड पडलेले दोन रोबो. मला तिथे जास्त वेळ थांबावंसं वाटलं नाही.

अण्णांना मात्र भलतीच गोष्ट खटकली होती. नोझल तुंबल्याचा इशारा आला म्हणून ते आत जायचे, तर नोझल आधीच साफ केलेलं असायचं. खरवडून काढलेले थेंब ट्रेमध्ये पडलेले, अजून कोमट. एकदा टिपसुद्धा बदललेली मिळाली. नवीन, नीट घट्ट बसवलेली. जुनी टिप फिक्स्चरच्या कडेवर उभी करून ठेवली होती.

साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते मनापासून हसले. "कुणीतरी जास्तीचं काम करतंय? पगार मागत नाही ना? मग करू द्या."

संध्याकाळी अण्णांनी मला कॉम्प्रेसर खोलीमागे गाठलं. "माझी बदली इकडे कर. हवा भरत बसेन, पण तीन नंबरला जाणार नाही."

"अण्णा, तुम्हीसुद्धा?"

"तो रोज बाहेर आलो म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आपण कधी विचारलं का, आलास तर उभा कुठे आहेस?"

मी हसून घालवलं आणि बदली केली. साहेबांना एक माणूस कमी झाल्याचा आनंद झाला, त्यांनी अण्णांच्या जागी दुसरा दिला नाही. त्या दिवसापासून आत जाणारा एकटा मेव्हणा आणि उत्तरं दोन.

हळूहळू त्या दुसऱ्या आवाजाचा घोगरेपणा गेला. तो तरुण झाला. शब्दाच्या शेवटी किंचित हेल आला, आमच्या मेव्हण्याचा होता तसाच. काही दिवसांनी मला दोन्हींतला फरक सांगता येईना.

मग ती दुपार आली. तीन नंबरला वायर अडकली होती, मेव्हणा आत गेला होता. फाटक वाजल्यासारखं वाटलं. मी फलकाकडे बघतच हाळी दिली.

"मी बाहेर," मेव्हण्याचा आवाज.

माझं बोट हिरव्या बटणावर टेकलं होतं. सहज फाटकाकडे नजर गेली. फाटकापाशी कोणी नव्हतं.

"आत कोण?" मी पुन्हा ओरडलो.

"मी बाहेर," जरा त्रासून.

मी पॅनेल सोडून धावलो आणि फाटक उघडलं. तो फिरत्या टेबलाखाली पालथा पडून वायर ओढत होता. कानात फोमची बुचं, त्यांची निळी दोरी गळ्याभोवती. डोकं बरोबर रोबोच्या वाटेत. मी पाय ओढला तेव्हा दचकून वळला आणि बुचं काढून हसला.

"दाजी, मला तळायचा बेत होता का?"

मी त्याच्या मुस्कटात मारली. त्याच्या ताईनंसुद्धा कधी मारलं नव्हतं त्याला. तो गाल धरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं वर रोबोकडे पाहिलं आणि टोपी उचलून माझ्या मागून बाहेर आला.

मी तडक साहेबांकडे गेलो. किल्ल्या परत लावा म्हणालो. त्यांनी संगणकावर तीन नंबरचा आलेख दाखवला. इतका सुंदर आलेख त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात बस कंपनीचे पाहुणे येणार होते, त्यांना तो दाखवायचा होता. "किल्ल्या लावतो," ते म्हणाले. "पण मग आपल्याला मूळ विषयावर यावं लागेल. किल्ली कुणाच्या खिशात असायची?"

साहेब लोकांचं हे एक बरं असतं. ते धमकी देत नाहीत, विषयावर येतात.

राजीनामा तोंडावर फेकावा, असं त्या क्षणी फार वाटलं. फेकला नाही. आपल्यासारख्यांचे राजीनामे मनातल्या मनातच दिले जातात.

घरी येताना वाटेत आम्ही दोघांनी एक ठरवलं. मी दोन गोष्टी झाल्याशिवाय बटण दाबणार नाही. एक, तो मला डोळ्यांनी बाहेर दिसला पाहिजे. दुसरी, त्यानं 'दाजी' म्हटलं पाहिजे. कारण आतलं जे काही होतं, त्यानं 'मी बाहेर' यापलीकडे एक अक्षर कधी उच्चारलं नव्हतं. नातं त्याला माहीत नव्हतं.

"म्हणजे आता मला इज्जत द्यावी लागणार," मेव्हणा म्हणाला. त्याला सगळ्याचीच गंमत वाटायची. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकातून बाहेर आला की टोपी काढून कमरेत वाकायचा आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा ओरडायचा, "दाजी, मी बाहेर हो!" लोक हसायचे. मागून दुसरा आवाज नुसतं "मी बाहेर" म्हणायचा. मी बटण दाबायचो. बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. रोज जसा नेत होतो तसा परत आणत होतो.

पाहुणे आले त्या दिवशी शेड धुऊनपुसून लख्ख केली होती. वरच्या गॅलरीत साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते, हात फलकाकडे. चारही दिवे हिरवे. आणि तीन नंबर लाल झाला.

वायरच. मेव्हण्यानं कानात बुचं घातली, निळी दोरी मानेमागे टाकली. "आलोच, दाजी," म्हणाला आणि पडद्याआड गेला.

आतून पक्कडीचा आवाज आला. पाना ठेवल्याचा आवाज आला. वर फलकावरचा आकडा वाढत होता. साहेब पाहुण्यांकडे बघून हसत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते, तेव्हा हसत नव्हते.

फाटक उघडलं. तो बाहेर आला, फाटक लावून घेतलं आणि उभा राहिला. दोन्ही हात खाली सोडलेले. टोपी सरळ.

"आत कोण?" मी म्हणालो.

"मी बाहेर," तो म्हणाला. त्याचे ओठ हलले. आवाज त्याचाच.

मी उरलेल्या शब्दाची वाट पाहिली.

तो माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता, खोटं वाकणं नाही, काही नाही. वरून साहेबांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं.

"नीट म्हण," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"मी बाहेर."

मला वाटलं, पाहुण्यांसमोर लाजत असेल. त्या दिवशीची थप्पड मनात राहिली असेल. माणूस चार पावलांवर उभा आहे, डोळे, नाक, कपाळावरची लहानपणीची खोक सगळं त्याचं आहे, आणि मी एका शब्दासाठी अडून बसलोय. शब्द म्हणजे काय शेवटी. डोळ्यांवर विश्वास ठेवायला मला शाळेपासून शिकवलंय.

मी हिरवं बटण दाबलं.

भोंगा वाजला. भोंगा थांबला की रोबो हलतो. मध्ये क्षणभर सगळं शांत असतं.

त्या शांततेत पडद्याआडून आवाज आला.

"दाजी, थांबा, मी अजून..."

पडदा आतून पांढरा झाला.

मी लाल बटणावर मूठ आपटली, फाटक कसं उघडलं ते आठवत नाही. आत धूर होता. टेबलावर अर्धी जोडलेली चौकट, जोड अजून लाल. टेबलाखाली कोणी नव्हतं. टेबलामागे कोणी नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून हातांनी जमीन चाचपली, तळवे भाजले. रोबोच्या नोझलला नवी टिप बसवलेली होती. पाना खाली पडला होता. आणि फिक्स्चरच्या एका खुंटीला बुचांची निळी दोरी अडकलेली होती. एक बूच शाबूत होतं, दुसरं वितळलं होतं.

बाहेर आलो तेव्हा तो तिथेच उभा होता, तसाच. त्याच्या गळ्यात दोरी नव्हती.

साहेब धावत खाली आले. "लाल बटण कशाला दाबलंत? पाहुण्यांसमोर? माणूस तर बाहेर उभा आहे!"

खुंटीवरची दोरी मुठीत होती. मेव्हण्यासारखा दिसणारा तो माणूस पॅनेलपाशी गेला आणि त्यानं स्वतः हिरवं बटण दाबलं.

संध्याकाळी तो माझ्याबरोबर घरी आला. मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. बायकोला काय सांगणार होतो? तुझा भाऊ आत राहिला आणि तुझा भाऊ घरी आला? तिनं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, "दमलास का रे?" म्हणाली. तो आत येऊन बसला.

कारखान्यात त्याचं सोनं झालं. चहाला जात नाही, नकला करत नाही, बोलत नाही. वायर अडकण्याआधी त्याला कळतं. तीन नंबरचा दिवा लाल व्हायचा जवळजवळ थांबला. साहेबांनी त्याचा फोटो फलकाखाली लावला आणि मला म्हणाले, "मी याला काढायला निघालो होतो! असे आणखी चार मिळवून द्या." मेंटेनन्स बाहेरच्या कंपनीला गेलं नाही. सगळ्यांच्या नोकऱ्या वाचल्या. मीच वाचवल्या म्हणे.

आता तीन नंबरला हाळी दिली की एकच उत्तर येतं. ते आल्यावर मी थोडा थांबतो, पडद्याकडे कान देऊन. दुसरा आवाज येत नाही. घसा फुटेपर्यंत 'आत कोण' ओरडावं, फाटक उघडून एकेक लोखंड उचकटावं असं वाटतं, आणि मी बटण दाबतो. परवा साहेबांनी बोलावून सांगितलं, की तीन नंबर सुरू व्हायला दरवेळी किंचित उशीर होतो, तेवढाही काढता आला तर बघा.

बायको सुरुवातीला खूश होती. अंथरूण स्वतः घडी घालतो, पसारा नाही, शहाणा झाला म्हणाली. मग ती खूश दिसेनाशी झाली. त्याच्या केसांतून हात फिरवायची सवय होती तिला, ती थांबली. एकदा भांडी लावता लावता पाठमोरी म्हणाली, "तो मला ताई म्हणत नाही."

"कामाचा ताण असतो," मी म्हणालो.

"हाकच मारत नाही. कशालाच." शेवटचं ताट ठेवून म्हणाली, "तुम्ही जसा नेला होता तसा आणलात ना?"

मी हो म्हणालो. इतकं वाईट हो मी आयुष्यात कधी म्हटलं नाही.

काल आम्ही दोघं कामावरून आलो. दिवेलागण झाली होती. तो आंघोळीला गेला, मी खोलीत बूट काढत होतो. न्हाणीघरात नळ चालू होता. बायको धुतलेला टॉवेल घेऊन दाराशी गेली आणि कुणीही विचारतं तसं तिनं विचारलं, "आत कोण आहे?"

आतून उत्तर आलं, "मी बाहेर."

टॉवेल तिच्या हातातून पडला नाही. ती किंचाळली नाही. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते सगळं वाचलं. त्याला वाढवलेली बाई ती. मग तिनं हात वर केला आणि दाराची बाहेरची कडी हळूच सरकवली. नळ तसाच चालू होता.

ती स्वयंपाकघरात गेली. सवयीनं तीन ताटं मांडली. मी माझ्या ताटावर जाऊन बसलो. ती माझ्यासमोर बसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

नळ बंद झाला.

थोड्या वेळानं तो ओले हात पुसत आला आणि तिसऱ्या ताटावर बसला. मी उठून न्हाणीघराकडे पाहिलं. कडी बाहेरून लावलेलीच होती.